चौदावा क्वार्टरबॅक

मी ओरडले. खरंच ओरडले, फायर स्टेशनच्या मोठ्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी, भरल्या माणसांत. टेबलांवर वाकलेल्या टोप्या एकदम वर उठल्या. डोनट खाणारा एक दाढीवाला घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. आणि माझा नवरा, जो नुसता ड्राइव्ह करायला म्हणून आलेला होता, तो दोन पावलं मागे सरकला. “ही कोण बाई, मला माहीत नाही” हा चेहरा त्याला फार छान जमतो. वीस वर्षांची प्रॅक्टिस आहे.

पण मी तरी काय करणार? समोरच्या टेबलावर, काचेच्या झाकणाखाली, तो होता! एक गुडघा जमिनीला टेकवून बसलेला. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलेलं, केस बारीक कापलेले, मागे छापखान्यात रंगवलेलं खोटं निळं आभाळ. सहा वर्षं मी त्याला शोधत होते. तीन राज्यांतले कार्ड शो, म्हणजे खेळाडूंच्या जुन्या कार्डांचे बाजार, पालथे घातले, इंटरनेटवर डोळे फोडून घेतले, दोनदा खोटी कार्डं माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. आणि हा इथे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, आरामात बसलाय!

आता हे नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय.

मी मूळची नागपूरची. आता अ‍ॅशबर्नमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे स्वभाव तसा झालाय, किंवा स्वभाव तसा होता म्हणून काम मिळालं. अमेरिकन फुटबॉल माझ्या आयुष्यात आला तो ॲन आर्बरला शिकायला आले तेव्हा. रूममेटने मला बळेच स्टेडियममध्ये नेलं. थंडी इतकी, की नाक जागेवर आहे की गेलं ते हात लावूनही कळेना. खाली मैदानात धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत होती आणि मला त्यातलं ओ की ठो समजत नव्हतं. शेवटी रूममेट म्हणाली, “बाकी सगळे सोड. ज्याच्या हातात पहिल्यांदा बॉल येतो, फक्त त्याच्याकडे बघ. तो क्वार्टरबॅक.”

बघितलं. चार रेडे त्याच्या अंगावर धावून येतायत आणि हा माणूस पळत नाही! उभा राहतो. मान वर, नजर लांब, आपला कोणता गडी मोकळा आहे ते शोधतोय. एक सेकंद, दोन सेकंद, आता हा चिरडला जाणार असं वाटतं, आणि तेवढ्यात बॉल त्याच्या हातातून सुटलेला असतो आणि पार पलीकडे कुणाच्या तरी ओंजळीत जाऊन पडतो. आई शप्पथ, अंगावर काटा आला. मी स्वतः तशी नाही. माझ्या अंगावर साधी ई-मेल धावून आली तरी मी किंचाळते. म्हणूनच मला ही माणसं इतकी आवडली असणार.

कार्डांचं वेड त्याच गावातलं. एका घराच्या गॅरेजमध्ये जुनं सामान विकायला मांडलं होतं. मी गेले होते टेबललॅम्प घ्यायला. लॅम्पच्या शेजारी बुटांचा खोका आणि खोक्यात पत्त्यांएवढी जुनी कार्डं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. पूर्वी इथे च्युइंगमच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं निघायची. पोरं गम चघळायची आणि कार्डं जमवायची. पुढे फोटो, मागे माहिती. फोटोंना हाताने रंग दिल्यासारखा, गाल गुलाबी, ओठ गरजेपेक्षा लाल, हेल्मेटला तोंडापुढे एकच दांडी. मी एक उलटून मागची माहिती वाचली आणि तिथेच फतकल मारून बसले. हा अमुक क्वार्टरबॅक, इतका उंच, इतक्या वजनाचा, आणि खेळाचा मोसम नसताना विमा विकतो! दुसरा शाळेत भूमिती शिकवतो! म्हणजे डिसेंबरात अख्खं स्टेडियम ज्याच्या नावाने दणाणतंय, तोच माणूस एप्रिलमध्ये टाय लावून कुणाच्या तरी दारात उभा आहे, पॉलिसी घेता का म्हणून. मी लॅम्प तिथेच विसरले आणि खोका घेऊन घरी आले.

त्यातली बरीचशी कार्डं एकाच वर्षाच्या संचातली होती. त्या संचात चौदा क्वार्टरबॅक आहेत हे मला पुढे समजलं, आणि तेव्हापासून चौदा हा आकडा माझ्या डोक्यात घर करून बसला. तेरा जमले. एकेकाची कहाणी आहे, पण ती मी सांगायला लागले की पाहुणे चपला शोधायला लागतात असं नवऱ्याचं म्हणणं आहे, म्हणून सोडून देते. राहिला होता फक्त हा, गुडघा टेकवून बसलेला.

काचेच्या पेटीमागे सत्तरीतले एक आजोबा बसले होते. जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेले, नखांच्या कडा अजून काळ्या. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं.

“ओरडून झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं. “कितीला देणार?”

“पैशाला नाही. ट्रेड.”

म्हणजे कार्डाच्या बदल्यात कार्ड. असे लोक असतात, आणि ते माझ्या नवऱ्याला वेडे वाटतात, मला मात्र फार आवडतात. त्यांना हवा होता त्याच संचातला एक उंच, लांब हातांचा क्वार्टरबॅक. आणि तो चांगल्या अवस्थेतला हवा होता. कोपरे गेलेला नको, घडी पडलेला नको.

तो लांब हातांचा माझ्याकडे होता. एक नाही, दोन होते! त्या खोक्यातच जोडीने निघाले होते. एकाला कुण्या कार्ट्याने बॉलपेनने मिशा काढून ठेवल्या होत्या.

“मिशा चालतील?” मी विचारलं.

“नाही,” आजोबा म्हणाले. हसले नाहीत.

पण दुसरा! त्याचे चारही कोपरे धारदार, डाग नाही, चुणी नाही, रंग काल छापल्यासारखे. कार्डांच्या दुनियेत सगळी किंमत ह्या कोपऱ्यांची आणि कडांची. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही बोट लावलेलं नव्हतं. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, वरून कडक प्लास्टिकचं पाकीट, आणि ते कपाटात.

“पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी शो आहे,” आजोबा म्हणाले. “घेऊन ये. तोवर हा मी कुणाला देत नाही.” आम्ही हात मिळवले. परत येताना गाडीत मी इतकी बडबडत होते की नवऱ्याने हायवेवरून उतरायची एक्झिट चुकवली.

त्या दिवसांत आई नागपूरहून आमच्याकडे आलेली होती, सहा महिन्यांसाठी. साडेचार होऊन गेले होते. बाबा गेल्यानंतरची तिची ही पहिलीच खेप. आई शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती, तीस वर्षं. तिला रिकामं बसता येत नाही. सकाळी उठून पोळ्या करायची, ड्रायरमधून कपडे काढून इस्त्री केल्यासारख्या घड्या घालायची, दारात पार्सल आलं की पोरगा पळून जायच्या आत त्याला थांबवून सही हवी का विचारायची. दुपारी चालत लायब्ररीत जायची. तिथल्या बायकांशी तिची चांगलीच गट्टी जमली होती. काय बोलायच्या देव जाणे, पण एकीने तिला स्वेटर विणून दिला.

मी त्या महिन्यात आईला रोज छळलं. अल्बम मांडीवर घ्यायचा, तेरा जणांची ओळख करून द्यायची, चौदावा रिकामा खाना दाखवायचा. मग कपाटातून तो लांब हातांचा काढायचा, दुरूनच दाखवायचा आणि म्हणायचं, “ह्याला काही झालं ना आई, तर मी जिवंत राहणार नाही बघ.”

“इतकं नाजूक आहे का?”

“कागद आहे गं. नुसती हवा लागली तरी खराब होतो.”

आईने ते कडक पाकीट डोळ्यांजवळ धरून बघितलं. “मग हे वरून उघडं का आहे?”

“असंच असतं ते,” मी म्हटलं आणि काढून घेतलं. हे पाकीट वरून उघडंच असतं, हे खरंच आहे. पण मी तिला नीट समजावून सांगितलं नाही. घाईत होते. मी नेहमीच घाईत असते.

शोच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी ऑफिसातून जरा लवकरच आले. आईने आल्याचा चहा टाकलेला होता. कप माझ्यापुढे ठेवला, आणि कपाच्या शेजारी एक पाकीट ठेवलं, कागदाचं. तिचा चेहरा इतका खुललेला होता की मला वाटलं वाढदिवस-बिढदिवस विसरले की काय मी कुणाचा.

“उघड,” आई म्हणाली. “उद्यासाठी. आता त्याला काही होत नाही.”

उघडलं. आतून लांब हातांचा क्वार्टरबॅक निघाला. चकाकत होता. कडक, गुळगुळीत, चारी बाजूंनी बोटभर पारदर्शक पट्टी सोडलेली. लॅमिनेट केलेला.

मी ते उलटंपालटं करून बघितलं.

“लायब्ररीत मशीन आहे त्यांच्याकडे,” आई सांगत होती. “मीच केलं, त्यांना म्हटलं तुम्ही बाजूला व्हा. एक बबल आलेला नाही बघ. आणि कडेला जागा सोडलीये, म्हणजे पाणी शिरत नाही. चहा सांडव त्याच्यावर, सांडव!”

तुम्ही आमच्या नागपूरच्या घरी आला असतात तर तुम्हाला आश्चर्य वाटलं नसतं. आमच्याकडे जे जे मोलाचं, ते ते आईने लॅमिनेट केलेलं आहे. माझी दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, बाबांचं पेन्शनचं पत्र, देवघरातल्या आरत्या, गॅसवाल्याचा नंबर. शाळेत लॅमिनेशनचं मशीन आलं त्या दिवसापासून ते तिच्या ताब्यात होतं. हजारो पोरांची ओळखपत्रं तिच्या हातून गेली. माझं डिग्रीचं सर्टिफिकेटही तिने असंच करून ठेवलं होतं, आणि अमेरिकेला यायच्या वेळी सरकारी कचेरीतल्या साहेबाने ते मला परत केलं, ह्यावर शिक्का कुठे मारू म्हणून. तेव्हा महिनाभर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणजे मला हे माहीत होतं! आई कशाला जपते म्हणजे काय करते, हे जगात कुणाला माहीत असेल तर ते मला.

आणि लॅमिनेशन निघत नाही. गरम होऊन कागदात बसतं. सोलायला जाल तर क्वार्टरबॅकचा चेहराच सोलून हातात येईल.

मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. तुला कुणी सांगितलं होतं, विचारता येत नाही का, माझ्या कपाटाला हात का लावलास. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हटलं, “आल्यापासून बघतेय, काहीतरी करायचं म्हणून करत बसतेस. कुणी सांगितलंय तुला हे सगळं करायला?”

“तूच म्हणालीस नं,” आई हळूच म्हणाली, “हवा लागली तरी...” तशीच उठली आणि कणीक मळायला घेतली. नवरा मध्ये पडायला आला, म्हणाला, “जाऊ दे ना यार, एक कार्ड तर आहे.” ते त्याने म्हणायला नको होतं. पुढचा अर्धा तास माझी बोलणी त्याच्या वाट्याला आली.

सकाळी मी ठरवलं, जायचंच नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? आजोबांना मेसेज करायला त्यांचा नंबरही नव्हता. खाली आले तर आई तयार. निळी साडी, वरून तो विणलेला स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज, हातात पर्स.

“चल,” ती म्हणाली. “माणूस तुझी वाट बघत बसेल. चूक माझी आहे, मी सांगते त्यांना.”

“तू काय सांगणार आहेस?”

“ते माझं मी बघेन.”

वीस मिनिटं मी गाडीत रेडिओची स्टेशनं बदलत राहिले. मला माफी मागायची होती आणि भांडायचंही होतं, दोन्ही एकदम.

हॉलमध्ये शिरले आणि काय सांगू, एवढं सगळं होऊनही माझा जीव उड्या मारायला लागला. तो वास, जुन्या पुठ्ठ्याचा आणि कॉफीचा! ती टेबलं! आजोबांनी मला लांबूनच ओळखलं आणि पेटीचं झाकण उघडून गुडघा टेकवलेला बाहेर काढून ठेवला. तो मला काचेशिवाय दिसला. पहिल्यांदाच.

मी काही बोलायच्या आत आई टेबलासमोर जाऊन उभी राहिली, ताठ, हेडमास्तरांच्या केबिनमध्ये उभी राहायची तशी.

“सर,” ती म्हणाली, “मिस्टेक इज माइन. माय डॉटर इज इनोसंट.” आणि पर्समधून पाकीट काढून पुढे केलं.

आजोबांनी कार्ड घेतलं. चष्मा वर सारून बघितलं. उलटून बघितलं. नखाने कड चाचपली. वेडी आशा असते ना माणसाला, मला वाटत होतं ते म्हणतील, चालेल.

“नाही,” आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले. “सॉरी. हे आता ट्रेडमध्ये नाही चालत. तुलाही माहीत आहे.”

मला माहीत होतं. मीही घेतलं नसतं. डोळ्यांत पाणी यायला लागलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, फुटबॉलच्या कार्डासाठी, फायर स्टेशनमध्ये! मी उगाच शेजारच्या टेबलावरची बेसबॉलची कार्डं बघितल्यासारखं केलं.

पण आजोबांनी कार्ड परत दिलं नव्हतं. ते अजून बोटांत फिरवत होते. मग त्यांनी आईला विचारलं, “हे तुम्ही केलंत? स्वतः?”

“येस,” आई म्हणाली. “नो बबल.”

“नो बबल,” आजोबा म्हणाले. त्यांनी खिशातून आपलं पैशांचं पाकीट काढलं, जाडजूड, कातडं झिजलेलं, आणि त्याच्या सगळ्यात आतल्या कप्प्यातून दोन बोटांनी काहीतरी उचलून टेबलावर ठेवलं. आधी मला कळलंच नाही काय आहे. चिंधी वाटली. मग दिसला लांब हात.

तोच क्वार्टरबॅक होता. कोपरे पार गेलेले, मधोमध फाटून दोन तुकडे, पुठ्ठ्याचे पदर सुटलेले, अर्धा चेहरा पुसलेला. आजोबा आईकडे बघून सांगत होते आणि मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होते. ते दहा वर्षांचे असताना सगळी पोरं सायकलच्या चाकाजवळ कपड्यांच्या चिमट्याने कार्ड अडकवायची. चाक फिरलं की तारा कार्डावर आपटतात आणि फटफटीसारखा आवाज निघतो. बाकीची पोरं नावडती कार्डं लावायची. ह्यांनी सगळ्यात आवडतं लावलं, त्यालाही जरा फिरवून आणावं म्हणून. एका उन्हाळ्यात त्याची ही अवस्था झाली. तेव्हापासून चांगलं मिळवायचा प्रयत्न चालू होता, आणि हे फेकवत नव्हतं. हल्ली मात्र पाकीट उघडलं की त्याचा थोडा भुगा पडतो.

“ह्याचं करून द्याल?” त्यांनी आईला विचारलं.

आईने त्या चिंधीवर वाकून बघितलं. हात लावला नाही. तिचा चेहरा एकदम ऑफिसातला झाला. “होईल,” ती मला म्हणाली. “पण आधी तुकडे जुळवावे लागतील. त्यांना म्हणावं पाकिटात परत कोंबू नका. सपाट घ्या, वहीत.”

आजोबांनी शेजारच्या दाढीवाल्याला टेबल सांभाळायला सांगितलं. त्यांचा पिकअप ट्रक आमच्या गाडीच्या मागे, अशी आमची वरात लायब्ररीत पोचली. काउंटरवरची बाई आईला बघून उठलीच, मशीन गरम करत ठेवलं. आणि मग मी माझ्या आईला काम करताना बघितलं. नागपूरला त्या ऑफिसात मी लहानपणी कधी गेले तरी मला बाहेरच्या बाकावर बसवायचे, त्यामुळे हे मी कधी बघितलेलंच नव्हतं. तिने साडीची पिन काढली आणि पिनेच्या टोकाने सुटलेले पदर एकेक करून बसवले. दोन तुकडे असे जवळ आणले की मधली भेग दिसेना. एक कोपरा उलटा दुमडलेला होता, तो उलगडला तर त्याच्या आत मूळचा रंग निघाला, लालभडक! “बघा, बघा!” मी पुन्हा ओरडले, लायब्ररीत. आजोबाही ओरडले. काउंटरवरच्या बाईने दोघांनाही तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. आई मात्र मान वर करायला तयार नव्हती. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेत होती.

मशीनच्या एका बाजूने गेलं, दुसऱ्या बाजूने हळूहळू बाहेर आलं. आईने ते उचलून उजेडासमोर धरलं, कुठे बबल आहे का बघितलं, आणि आजोबांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी अंगठ्याने ती मधली भेग चाचपली. मग म्हणाले, “गरम आहे.” नाक पुसलं. आणि जॅकेटच्या आतल्या खिशातून त्यांनी तो काढला, गुडघा टेकवलेला, चौदावा, त्याच्या कडक पाकिटात. मी हात पुढे केला.

“तुला नाही,” आजोबा म्हणाले. “ट्रेड हिच्याशी झाला.” आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी आईला दिला.

घरी येताना गाडीत मीच बोलले. “आई, काल मी फार बोलले.”

“बोललीस,” आई म्हणाली. कार्ड पर्समध्ये होतं आणि पर्स मांडीवर होती.

आई परत जाईपर्यंत, पुढचे बारा दिवस, मी जे काही केलं ते कुणाला सांगू नका. चौदावा खाना वर येईल असा अल्बम मुद्दाम सोफ्यावर उघडा टाकायचे. आई तो उचलून, झटकून, मिटून जागेवर ठेवायची. मी म्हणायचे, “बघ ना, तेरा कसे एका ओळीत बसलेत, एक जागा तेवढी राहिलीये.” आई म्हणायची, “हो ना.” झोपायच्या आधी ती चष्मा लावून त्या कार्डाची मागची बाजू वाचायची. हा मोसम नसताना शेतीची अवजारं विकायचा. ते तिला फार पटलं होतं. “मागून टाक ना सरळ,” नवरा म्हणायचा. कसं मागू? माझ्या वस्तूंना हात लावू नकोस हे मीच तिला ओरडून सांगितलं होतं, आणि ही तर वस्तूही माझी नव्हती.

शेवटी एअरपोर्टवर माझ्याच्याने राहवलं नाही. बॅगा गेल्या होत्या, व्हीलचेअरवाला यायचा होता. मी म्हटलं, “आई, ते कार्ड, म्हणजे, इथेच ठेवून जातेस का? तिकडे तुला काय उपयोग त्याचा?”

“नाही गं,” आई म्हणाली. “ते मी नेणार.”

“पण का?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागावलेली मुळीच नव्हती. खुशीत होती. “सहा महिने राहिले तुमच्याकडे. काही कमी पडू दिलं नाहीत तुम्ही. पोळ्या केल्या, घड्या घातल्या, ते काय, आपल्या घरचं काम. पण माझं काम बघून कुणी माझ्या हातावर काही ठेवलं, ते एकदाच. तिकडे जाऊन सगळ्यांना दाखवणार आहे. ही माझी अमेरिकेतली कमाई.”

“आई, हळू,” नवरा इकडे तिकडे बघत म्हणाला. “व्हिजिटर व्हिसावर कमाई चालत नाही.” ती इतकी हसली की डोळे पुसायला लागले तिला.

मला लाज वाटली, आतून वाटली, आणि त्या लाजेतसुद्धा मला ते कार्ड हवंच होतं, खोटं कशाला सांगू. व्हीलचेअरवाला आला. आई बसली, पर्स मांडीवर घेतली. पर्सची चेन अर्धी उघडी होती आणि आतून कडक पाकिटाची कड दिसत होती. मी वाकले आणि चेन पूर्ण लावून दिली.